मोरीतला माहीमचा हलवा

गव्हाचा चीक, साखर आणि तूप. आटवायचं, घोटायचं, पातळ लाटायचं, वर वेलची-पिस्त्याची पखरण आणि दोन वड्यांच्या मधे बटर पेपर. झाला माहीमचा हलवा. आता यातली साखर काढून टाका. चिकाच्या जागी भाताची पेज घ्या, तुपाच्या जोडीला कालच्या मटणाचा तवंग, पखरणीला मोहरी, कढीपत्ता आणि चहाचा चोथा. लाटायची गरज नाही, दीड इंची पाइपच्या आतल्या अंगाला तो आपोआप थापला जातो. बटर पेपर तेवढा नसतो, म्हणून सुटत नाही. हा हलवाही माहीममध्ये घरोघरी तयार होतो. त्याचं गिऱ्हाईक मात्र एकच, प्लंबर!

बटाट्याचं साल जाळीवर अडकतं, दिसतं, उचलता येतं. त्याला घाबरू नका. सिंक तुंबवणारी मंडळी जाळीतून हसतखेळत निघून जातात. गरम, पातळ आणि दिसायला अगदी गरीब. आज त्यांची हजेरी.

पहिला मान पेजेला

भात शिजताना तांदळातला स्टार्च साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. गार झाला की घट्ट बसतो. ही करामत गिरणगावाला पुरती ठाऊक होती. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत सायझिंग खातं असायचं. तिथे ताण्याच्या सुतावर स्टार्चची कांजी चढवत, म्हणजे मागावर सूत तुटत नसे. सिनेमाची पोस्टरं भिंतीला चिकटायची ती मैद्याच्या खळीने. आजीची सुती पातळं कडक व्हायची ती पेजेच्या खळीने. असा पदार्थ पाइपमधून मुकाट वाहून जाईल, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

कोकणी माणूस पेज ओतत नाही, पितो. चिमूटभर मीठ, सोबत लोणचं किंवा भाजलेली सुकट. तांदळाचं धुवण गाईला जायचं. माहीमच्या तिसऱ्या मजल्यावर गाय नाही, पण खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी असते. तिला धुवण चालतं.

पेजेची चुलत बहीण म्हणजे कणीक. परातीला चिकटलेल्या कणकेवर पाणी सोडलं की तिच्यातला स्टार्च धुऊन निघतो आणि मागे उरतो तो ग्लुटेनचा चिवट, ताणला जाणारा लगदा. पाइपच्या वळणावर त्याच्याइतकं चिकाटीचं दुसरं कोणी नाही. उपाय आळशी माणसाच्या सोयीचा आहे: परात तशीच ठेवा, सुकू द्या. पापुद्रे नखाने निघतात आणि ओल्या कचऱ्यात जातात. गणपतीत मोदकांच्या उकडीच्या पातेल्यालाही हीच युक्ती. एरवी ‘भांडी लगेच घासावीत’ म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं तेवढं अवघड.

तुपाचा थर्मामीटर

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत पहाटे मुंबईचा पारा १६-१७ पर्यंत उतरतो आणि बाटलीतलं तेल काडीने उकरावं लागतं. तेच तेल, तेच तापमान, फक्त बाटलीच्या जागी पाइप. साजूक तूप तिशीच्या आसपास वितळतं. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळलं पाहिजे असा तर नियमच आहे. बोकडाची चरबी चाळिशीच्याही पुढे. म्हणजे रविवारी दुपारी मटणाचं पातेलं धुताना जो तवंग पाण्यासारखा खाली उतरतो, तो दुपारची झोप काढून तुम्ही उठेपर्यंत पाइपच्या भिंतीवर पांढरा होऊन बसलेला असतो.

मुंबईचा नोंदलेला नीचांक २२ जानेवारी १९६२ चा: सांताक्रूझला ७.४ अंश. त्या दिवशी शहरातल्या मोऱ्यांत काय घडलं, याची नोंद वेधशाळा ठेवत नाही.

“पण मी लिक्विड सोप टाकते ना!” हा युक्तिवाद हमखास येतो. साबण तेलाचे बारीक थेंब करतो आणि त्यांना पाण्यात धरून ठेवतो, इथपर्यंत खरं. पण पुढे पाणी वाढतं, साबण पातळ होतो, पाणी गार पडतं आणि ते थेंब पुन्हा एकमेकांना येऊन भेटतात. तेल गेलं नाही, तुमच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर गेलं. जुन्या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांचा उभा पाइप एकच असतो. तळमजल्यावरच्या काकूंना वरच्यांचा बेत विचारावा लागत नाही. “काय वहिनी, आज तुमच्याकडे अळूचं फदफदं का?” असं त्या जिन्यातच विचारतात. आवाजात कौतुक नसतं.

या तेलावरचा जगातला सर्वांत स्वस्त इलाज मराठी घरात आधीपासून आहे. भाजी संपली की कढईतच भात कालवायचा. कडेचा मसाला, तळाचं तेल, सगळं पुसून घ्यायचं आणि ज्याचा नंबर असेल त्याने खायचं. कढई धुवायला जाते तेव्हा पाण्याला करायला काही उरलेलंच नसतं. ज्यांना हा मान मिळत नाही त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घ्यावा. पाणी लागायच्या आधी पुसलं ते पुसलं. पाणी लागल्यावर फक्त जागा बदलते.

बाटलीतला ऐवज

सिंकखाली जो गोल डबा असतो तो बॉटल ट्रॅप. प्लंबर खाली बादली सरकवतो, डबा हाताने फिरवतो. आधी गुळगुळ आवाज करत काळं पाणी येतं. कुजक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मग करड्या रंगाचा एक गोळा थप्पकन पडतो. पेपरवर घेऊन नीट पाहिला तर घराचा महिन्याचा बेतच वाचता येतो. मोहरी जशीच्या तशी, एकही न फुटलेली. शेवग्याच्या शेंगेचे चावून टाकलेले धागे. कांद्याचे पापुद्रे. नारळाचं दूध काढून उरलेला चोथा. तारेच्या घासणीचे कुरळे तुकडे; तेच सगळ्यांना घट्ट धरून ठेवतात. आणि शेवटी माहीमच काय, अख्ख्या मुंबईची सही: दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे.

हा कोपरा इवलासा असतो, जाळीतून जातो आणि वळणावर आडवा बसतो. त्यामुळे पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, जरासा लटकता ठेवायचा. पिशवीही अखंड राहते आणि सुक्या कचऱ्यात नीट जाते.

चहाच्या चोथ्याबद्दल एक वेगळी तक्रार. तो कुठेही चिकटत नाही, विरघळत नाही, फक्त तळाला बसतो. नुसता असता तर पाण्याच्या जोराने गेलाही असता. पण तेलाच्या थरावर बसला की काँक्रीटमधल्या वाळूचं काम करतो. अंड्याच्या टरफलाचा चुराही तसाच. ‘टरफलं टाकली की पाइप घासून निघतो’ ही समजूत कुठून आली कोण जाणे!

मावशी, साफ करून द्या

सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईत मासे घेताना हे चार शब्द उच्चारले की तुमच्या सिंकचं आयुष्य वाढतं. खवले म्हणजे प्रथिनांचे धागे आणि हाडांत असतं तेच कॅल्शियमचं खनिज. गरम पाण्यात ते विरघळत नाहीत, साबणाला जुमानत नाहीत, आणि चपटे असल्यामुळे पाइपच्या भिंतीला अलगद चिकटतात. कोळंबीची सालं कायटिनची. झुरळाचं कवच ज्याचं, तेच हे. मावशीच्या विळीखाली हे सगळं मंडईतच राहतं. घरी साफ करायची हौस असेल तर वर्तमानपत्र पसरा, जमिनीवर बसा आणि शेवटी पुरचुंडी बांधा. सिंकमध्ये उभ्याने मासे साफ करणं म्हणजे प्लंबरला आगाऊ आमंत्रण.

घड्याळजीची देणगी

पाइपला मुद्दाम वाकडं वळण देऊन त्यात पाणी अडवून ठेवायचं, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही. ही कल्पना १७७५ साली पेटंट केली अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने. त्याने ती शौचालयासाठी काढली, सिंकला पुढे मिळाली. आपल्याकडे जमिनीतल्या ट्रॅपला इंजिनियरिंगची इंग्रजी पुस्तकंसुद्धा ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात तो ‘नानी ट्रॅप’ होतो.

या वळणात साधारण पाच सेंटिमीटर पाणी उभं असतं. तेवढाच पडदा, अलीकडे तुम्ही, पलीकडे झुरळं. मे महिन्यात कुलूप लावून गावाला गेलात की ते पाणी वाळतं आणि पडदा उठतो. परतल्यावर घराला वास येतो त्याचं कारण बहुधा हेच. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वरून चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. इतका वेळ ज्याला शिव्या घातल्या त्याचं हे एवढं एक पुण्य.

आधी आलं पाणी

मुंबईला विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० मध्ये मिळालं, तुळशीचं १८७९ मध्ये. तुळशीचा पाइप ज्या रस्त्याने आला तो तुळशी पाइप रोड. पाटीवर सेनापती बापट मार्ग असलं तरी लोअर परळपासून माहीमपर्यंत टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं. येणाऱ्या पाण्याच्या नावाने एवढा मोठा रस्ता आहे. जाणाऱ्या पाण्याचं मात्र आधी कोणी बघितलंच नव्हतं. नळाने घरोघर पाणी ओतलं आणि ते वाटेल तिथे साचू लागलं. मग समित्या, अहवाल, वाद. पालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टुलॉक यांनी १८७२ मध्ये मुंबईच्या सांडपाण्यावर आख्खा ग्रंथच लिहिला.

जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठी एक अरुंद बोळी असते, हाऊस गल्ली. मुळात ती सफाई कामगारांना ये-जा करण्यासाठी ठेवलेली. मैला टोपल्यांतून वाहून नेण्याचे ते दिवस. भुयारी गटारं आली, तो अमानुष प्रकार मागे पडला, आणि बोळींत मोऱ्यांचे बिडाचे पाइप उतरले. आज त्याच बोळीत खिडकीतून खरकटं फेकणारे महाभाग आहेत. ते काढायला तिथे माणसालाच उतरावं लागतं, हे खिडकी बंद करताना कोणाच्या मनात येत नसावं.

आता मुंबईत जमिनीखाली दोन वेगळी जाळी आहेत. घरातलं सांडपाणी मलवाहिनीत जातं, पंपिंग स्टेशनमार्गे प्रक्रियेला. रस्त्यावर पडलेला पाऊस जातो पर्जन्यवाहिनीत, आणि तिथून थेट नाल्यात, खाडीत, समुद्रात. त्यामुळे वडे तळून उरलेलं तेल रात्री गुपचूप रस्त्याकडेच्या गटारात ओतणारा गाडीवाला ते माहीमच्या उपसागरालाच नेऊन देत असतो. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. अशा वेळी गटारातली रिकामी जागा सोन्याच्या भावाची होते, आणि ती कोणी हलव्याने भरलेली असते.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर निघते, सुमारे १८ किलोमीटर येते आणि माहीमच्या खाडीत संपते. वाटेत तिला जे जे भेटतं ते सगळं घेऊन. माहीम-वांद्रे लोकलमध्ये नाकाला रुमाल लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

बारा डब्यांची चरबी

सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, व्हिक्टोरियाकालीन गटारात चरबीचा एक अजस्र गोळा सापडला. लांबी २५० मीटर, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलएवढी. वजन १३० टन. माणसं आत उतरून आठवडेच्या आठवडे तो फोडत होती. त्यातल्या चरबीचं बायोडिझेल केलं, आणि एक तुकडा फेब्रुवारी २०१८ मध्ये म्युझियम ऑफ लंडनमध्ये काचेच्या पेटीत मांडला. तिकडच्या लोकांनी तो रांगा लावून पाहिला.

ती नुसती गोठलेली चरबी नव्हती. तेलातली मेदाम्लं आणि काँक्रीटमधून झिरपणारं कॅल्शियम यांचा संयोग होऊन साबण तयार होतो. पण हा कॅल्शियमचा साबण, फेस न देणारा, पाण्यात न विरघळणारा, दगडासारखा टणक. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या तेव्हाही साबणच व्हायचा. मात्र राखेतल्या पोटॅशचा साबण मऊ आणि पाण्यात विरघळणारा. तेल एकच, जोडीदार बदलला की संसार बदलतो.

पळत पळत, जगभरातून

रोमन लोकांना गटाराचीही देवी होती, क्लोआकिना. आपल्याकडे बऱ्याच घरांत दिवाळीत एक पणती मोरीतही लावतात. हिशेब सारखाच.

मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांची झाकलेली गटारं होती आणि मधे मधे गाळ बसायला खड्डे, उपसता येतील असे.

सिंकखाली बसवायचं खरकटं दळायचं यंत्र अमेरिकेतल्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदाने १९२७ मध्ये बनवलं. न्यूयॉर्कने मात्र आपल्या जुन्या गटारांच्या काळजीपोटी त्यावर घातलेली बंदी १९९७ पर्यंत उठवली नाही. दळलेलं खरकटं नाहीसं होत नाही, बारीक होतं, हे त्यांना कळत होतं.

आयोवातल्या सॅम्युअल ब्लांक यांनी मुलाच्या घराचं गटार झाडाच्या मुळांनी अडलं तेव्हा वॉशिंग मशीनची मोटार, रोलर स्केटची चाकं आणि पोलादी तार जोडून यंत्र बनवलं. प्लंबर आज जी फिरती स्प्रिंग पाइपात घालतो तिची ही पणजी. आपल्याकडे अजूनही बांबूची लवचिक पट्टी तेच काम करते.

जपानमध्ये तळणीच्या गरम तेलात टाकायची एक पावडर मिळते. तेल गार झालं की त्याची घट्ट चकती होते, उचलायची आणि कचऱ्यात टाकायची. पावडर बनते एरंडेलापासून.

फेस पाहून फसू नका

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं की सिंकमध्ये झकास फेस येतो. बघायला मजा येते. पण एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात. उरतं काय, तर पाणी, थोडा क्षार आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. ढोकळा फुगवायला तो पुरतो, तुपाच्या थराला त्याची गुदगुलीही होत नाही. वास जरा कमी होतो, एवढंच श्रेय.

कॉस्टिक सोड्याची पावडर खरोखर काम करते, पण ती विस्तव आहे. पाण्यात पडताच उष्णता सोडते, ॲल्युमिनियमला लागली की हायड्रोजन. तिच्यावर बाथरूमचं ॲसिड ओतणं म्हणजे आत्मघात. अडलेला पाइप तिनेही सुटला नाही तर ती तिथेच मुरून राहते. अशा वेळी प्लंबर आला की पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: “दादा, यात पावडर टाकली आहे.” डबा उघडताना त्याचा चेहरा बरोब्बर त्याच्याखाली असतो.

उकळतं पाणीही जपून. नव्या इमारतींतले पीव्हीसीचे पाइप ७०-८० अंशांना मऊ पडू लागतात, सांधे सुटतात. जुन्या बिडाच्या पाइपांना ती भीती नाही, पण आतून गंजून खरखरीत झाल्यामुळे ते जो जाईल त्याला धरून ठेवतात. हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि थोडा साबण, आठवड्यातून एकदा, हे दोघांनाही मानवतं. रबरी पंप मारताना सिंकच्या वरच्या भोकात ओलं फडकं कोंबा. नाहीतर सगळा जोर तिथूनच बाहेर जातो आणि शेजारचे म्हणतात, यांना पंपही मारता येत नाही.

जळक्या तेलाचं काय?

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे कढईतून टाकीत जाण्याची वाट जुनीच. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम काढली, आणि तळण्याच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल बाद, असा नियम केला. ती व्यवस्था मुख्यतः हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी. घरातल्या वाटीभर तेलासाठी जुनी बाटली बरी: गाळायचं, साठवायचं, दाराच्या बिजागऱ्यांना, कोयंड्यांना लावायचं. उरलंच तर वर्तमानपत्राच्या बोळ्यांत जिरवून कचऱ्यात. देवापुढे मात्र ते चालणार नाही. देवाला चकल्यांचा वास येतो.

आणि ओला कचरा? शीव-वांद्रे लिंक रोडवरच्या माहीम निसर्ग उद्यानात एकदा जाऊन या. ते ३७ एकर जंगल उभं आहे ते एका जुन्या कचराभूमीवर, मिठीच्या काठाला. १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. अख्ख्या शहराची भाजीची देठं आणि नारळाच्या शेंड्या पचवून तिथे झाडं वाढली. पाइपात हेच काम करणारं कोणी नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. इमारतीचा उभा, सामाईक पाइप दुरुस्त करायचा सोसायटीने, घराच्या आतला ज्याचा त्याने. नियम इतका सोपा आहे. तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत दीड तास जातो. कारण तुंबारा नेहमी सापडतो तो भिंतीच्या बरोबर मधोमध असलेल्या वळणात. त्याचं अर्धं बिल कोणी द्यायचं, हे ठरेपर्यंत तळमजल्यावरच्या काकू मोरीला पाट आडवा लावून बसलेल्या असतात.